आडनाव दबीर

१

नऊ दिवस मुके पडलेले रेऊबेन अष्टमकर. त्या गुरुवारी त्यांनी डाव्या हातात पेन धरलं आणि कागदावर एकच शब्द लिहिला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही अर्धांगवायूच्या झटक्यात गेलेली. त्यामुळे अक्षर असं की लिहिणाऱ्यालाही वाचता आलं नसतं.

हॉस्पिटलच्या खोलीत तिघं होती. एक अष्टमकरांची मुलगी शीला, किचनरहून आलेली, रडून रडून नाक लाल झालेली. दुसरा मराठी मंडळाचा अध्यक्ष देवदत्त. कुणाच्याही आजारपणात पुढे पुढे करायची त्याला भारी हौस. आणि तिसऱ्या मंदाकिनी कर्णिक. पुण्याच्या दफ्तरखान्यात जुने मोडी कागद लावण्यात, म्हणजे अक्षर ओळखून वाचण्यात, त्यांची तीस वर्षं गेली होती. रिटायर होऊन त्या कॅनडात व्हिटबीला मुलाकडे आल्या, तेव्हापासून त्यांना वाचायला काही देणारा माणूस एकच भेटला होता, आणि तो आता पलंगावर पडला होता.

"आजोबा, वही कुणी नेली? सांगा ना," देवदत्त पुन्हा पुन्हा विचारत होता.

अष्टमकर त्याच्याकडे बघतही नव्हते. शीलाकडे बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेन सोडलं आणि डोळे मिटले. कागद देवदत्तने उचलला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि शेवटी मंदाकिनीबाईंकडे दिला.

"दबीर," मंदाकिनीबाईंनी वाचलं.

"दबीर?" देवदत्त उडालाच. "अहो काकू, ही तर बेसमेंटमधली पोरगी! शिवांगी दबीर!"

शीलाने तोंडावर हात घेतला. "ओ माय गॉड," ती म्हणाली. आणि मंदाकिनीबाईंनी, खोटं कशाला बोला, मान हलवली. आपण मराठी माणसं नाव ऐकायच्या आधी आडनाव विचारतो. दबीर म्हटल्यावर दुसरं काही डोक्यात येणार कसं?

त्याच संध्याकाळी अष्टमकरांना दुसरा झटका आला. ते बेशुद्ध झाले, आणि त्यांना पुन्हा काही विचारायची सोय उरली नाही.

२

शुक्रवारी सकाळी मंदाकिनीबाईंच्या दारात शिवांगी उभी. पायातले बूट बर्फाने भरलेले, डोळे सुजलेले.

"काकू, मी नाही घेतली वही."

"आत ये आधी. दार उघडं टाकून हीटिंग बाहेर घालवू नकोस."

पोरगी नागपूरची. कॉलेजचं शेवटचं सेमिस्टर, उरलेल्या वेळात ग्रोसरीच्या दुकानात काम. तीन महिन्यांपूर्वी अष्टमकरांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने आली आणि म्हाताऱ्याने तिला नातच करून टाकलं. "पोरी" म्हणायचे तिला. रोज संध्याकाळी तिला मोडी शिकवायचे, तीही त्या वहीवरूनच. सकाळी कॉलेजला जाताना ती रोज मंदाकिनीबाईंकडे चहाला यायची.

वही काही साधीसुधी नव्हती. अष्टमकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मूळ रोह्याजवळच्या अष्टमीचे. त्यांच्या पणजोबांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हिब्रू धर्मग्रंथांतल्या एकेका नगराचं नाव, त्या नावाचा अर्थ आणि त्या नगराचा इतिहास मोडीत लिहून ठेवला होता. अशी वही जगात दुसरी नाही. म्हातारा पडला त्याच दिवशी ती तिच्या पत्र्याच्या पेटीतून नाहीशी झाली.

"सोमवारी दहा वाजता पोलीस ऑफिसर मला भेटणार आहे," शिवांगी म्हणाली. "शीलाताईंनी कंप्लेंट केलीय. चार्ज लागला तर पीआर विसरा काकू, इथे कायमचं राहणंच संपलं. वडिलांनी शेत नाही विकलं माझ्यासाठी, पण आईने बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरच्या पोळ्या लाटल्यात. मी परत कुठल्या तोंडाने जाऊ? दुकानात मॅनेजरने कालच सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस. ग्रुपवर सगळ्यांना कळलंय."

"त्या मंगळवारचं सगळं सांग. काही गाळू नकोस."

"बर्फामुळे बस बंद पडल्या. मी चारला पोचते, तर साडेसहा झाले. वर दिवा नव्हता म्हणून बघायला गेले. आजोबा सोफ्याजवळ खाली पडलेले. तोंड वाकडं. अंगावरची गोधडी बाजूला केली तर हात गार. मी नाइन-वन-वनला फोन केला, मग शीलाताईंना. त्या बिचाऱ्या अर्ध्या तासात हॉस्पिटलला आल्या. त्यांना बघून मला इतका धीर आला! आणि आता त्याच..."

मंदाकिनीबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. काल आपणही मान हलवली होती, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण एक गोष्ट त्यांना कुसळासारखी टोचायला लागली. झटका येऊन कोसळलेला माणूस स्वतःच्या अंगावर गोधडी कशी घेईल?

३

देवदत्तने शनिवारी कॉफीच्या दुकानात भेटायचं कबूल केलं. टोरंटोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचा मोठा साहेब. बोलायला गोड, पण त्या वहीवर त्याचा डोळा होता हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

"मराठी भाषा दिनाला एक्झिबिशनमध्ये ठेवणार होतो काकू. आजोबा नाही म्हणाले. मला म्हणतात, तुला वही दाखवायचीय, वाचायची नाही. राग आला मला, का येऊ नये? पण म्हणून चोरेन मी?"

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"डाउनटाउनला, ऑफिसात. रिलीज होतं आमचं. पंधरा माणसं सांगतील." त्याने तोंड वाकडं केलं. "आणि मला काय विचारताय? आजोबांनी लिहून दिलंय ना स्वच्छ? आडनावच लिहिलं त्यांनी!"

"ते तिला आडनावाने हाक मारायचे का रे?"

"म्हणजे?"

"पोरी म्हणायचे. फार तर शिवांगी. झटक्यानंतर हातात जेमतेम एका शब्दाचं बळ उरलेला माणूस, आणि आपल्या लाडक्या पोरीचं आडनाव लिहील?"

"काकू, तुम्हीच वाचलंत तेव्हा तुम्हाला पटलं होतं," देवदत्त म्हणाला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, पण खोटं नव्हतं. मंदाकिनीबाईंना आणखी पटवायला देवदत्तने फोन काढून शीलाने गुरुवारी मंडळाच्या ग्रुपला पाठवलेली मेल दाखवली. इंग्रजीत चार ओळी. वडिलांनी एकच शब्द लिहिला, तो आमच्या भाडेकरूचं आडनाव आहे, मी पोलिसांना कळवलं आहे, कृपया सावध राहा.

मंदाकिनीबाईंनी मेल दोनदा वाचली. तिसऱ्यांदा ते आडनाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. डी, ई, बी, आय, आर.

"ही मेल मला पाठव," त्या म्हणाल्या, आणि अर्धी कॉफी तशीच टाकून उठल्या.

४

अष्टमकरांच्या घराला बेसमेंटचं दार बाजूने. त्या दारापाशी लेटरबॉक्स, आणि त्यावर छापील पट्टी: एस. दबीर, इंग्रजीत. डी, ए, बी, आय, आर. मंदाकिनीबाईंनी थंडीत उभं राहून तीही बोट ठेवून वाचली. मग पुढच्या दाराची बेल वाजवली.

शीलाने दार उघडलं. पन्नाशीची बाई, किचनरच्या एका कंपनीत मॅनेजर. घरात खोकी भरायला घेतलेली होती. बाप अजून जिवंत आहे आणि ही खोकी भरतेय, असं मंदाकिनीबाईंच्या मनात आलं, पण त्यांनी ते मनातच ठेवलं.

"ती पट्टी कुणी लावली गं लेटरबॉक्सवर?"

"मीच. लीजही मीच केलं. बाबांना ऑनलाइन काही जमत नाही. का, आंटी?"

"सहज. शिवांगीचा फोन आला तेव्हा तू कुठे होतीस?"

"किचनरला, ऑफिसमध्ये. आय जस्ट ड्रॉप्ड एव्हरीथिंग."

मंदाकिनीबाई सोफ्यावर टेकल्या. शेजारी ती गोधडी पडली होती, निळ्या-पांढऱ्या चौकटींची. त्यांनी हात लावला तशी शीलाने ती पटकन उचलून घड्या घातल्या.

"आईची आहे. तिने शिवलेली. वर तिच्या खोलीत कपाटात असते. बाबा तिथे कुणाला जाऊ देत नाहीत, मलासुद्धा विचारावं लागतं."

"वहीत काय लिहिलंय, तुला कधी सांगितलं त्यांनी?"

शीलाचा चेहरा कडवट झाला. "मला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही, आंटी. आम्ही इकडे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांनी सांगितलं, घरात ओन्ली इंग्लिश, नाहीतर अ‍ॅक्सेंट राहील. लहानपणी वहीतल्या गोष्टी सांगायचे, बास. वाचायला शिकवलं नाही. आणि आता कुठली कोण एक मुलगी बेसमेंटमध्ये येते, तिला रोज दोन तास शिकवतात! आईला डायलिसिसला न्यायला त्यांना वेळ नव्हता. वही लावत बसलेले असायचे. आय वॉज द वन ड्रायव्हिंग हर."

बाई खोटं बोलत नव्हती. निदान या बाबतीत तरी नाही. मंदाकिनीबाई उठल्या आणि घरी येऊन त्यांनी आपली फाइल काढली.

५

गेल्या वर्षभरात वहीतली चाळीसेक पानं मंदाकिनीबाईंनी अष्टमकरांसाठी देवनागरीत उतरवून दिली होती. उतरवणाऱ्याचं लक्ष अक्षरावर असतं, मजकूर हातातून जातो आणि डोक्यात राहत नाही. हा त्यांच्या धंद्याचाच रोग. रविवारी दुपारपर्यंत त्या पानामागून पान बघत होत्या. येरीहो झालं, शिलो झालं, बेथेल झालं. एकतिसाव्या पानावर बोट थांबलं. अक्षर त्यांचंच होतं.

"दबीर. पूर्वींचें नांव किर्याथ-सेफर, ह्मणजे पुस्तकाचें गांव. कोठें किर्याथ-सन्ना ऐसेंही लिहिलें आहे. कालेबानें जाहीर केलें कीं जो हें गांव जिंकील त्यास माझी कन्या अखसा देईन. तें अथनिएलानें जिंकिलें. मग अखसा गाढवावरून उतरली. बापानें पुसिलें, तुला काय पाहिजे? ती ह्मणाली, मला कोरडी भूमि दिली, आतां पाण्याचे झरेही दे. तेव्हां बापानें तीस वरचे झरे दिले आणि खालचे झरेही दिले. आपलेकडे दबीर ह्मणजे लिहिणारा कारभारी. पुस्तकाचे गांवास हेंच नांव असावें, याचें नवल वाटतें."

मंदाकिनीबाईंनी कपाळावर हात मारला. दबीर हे गाव होतं! तीन हजार वर्षांपूर्वीचं, नाव बदललेलं, पुस्तकांचं गाव. शिवाजी महाराजांच्या दरबारातला दबीर त्यांना पाठ होता, नागपूरचे दबीर माहीत होते, आणि स्वतःच्या हाताने उतरवलेलं दबीर तेवढं आठवलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आणि मग ते ई हे अक्षर. इंग्रजी बायबलात हे गाव ई घालून लिहितात. शिवांगीचं आडनाव ए घालून. आडनाव शीलाने स्वतः लीजवर लिहिलं होतं, स्वतः छापून लेटरबॉक्सवर चिकटवलं होतं. देवदत्त "बेसमेंटमधली पोरगी" म्हणून ओरडला, सगळ्यांनी मान हलवली, पण शीलाच्या हाताने मात्र मेलमध्ये गावाचं नाव लिहिलं. शब्द कानावर पडताक्षणी तिला कळलं होतं की बापाने काय लिहिलंय. खोलीत तेवढीच एक होती जिला ते कळलं.

किचनरहून व्हिटबी दीड तासाचा रस्ता. बर्फात अडीच तास. शीला अर्ध्या तासात पोचली होती.

६

सोमवारी सकाळी आठ वाजता, हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात. पोलिसाला अजून दोन तास होते.

मंदाकिनीबाईंनी मेलचा कागद ठेवला, लेटरबॉक्सच्या पट्टीचा फोटो ठेवला आणि दोन्ही अक्षरांवर एकेक बोट ठेवलं. गोधडीचं सांगितलं, अर्ध्या तासाचं सांगितलं. शीला आधी हसली, मग चिडली, मग तिने खुर्चीत अंगच टाकून दिलं.

"वही माझ्या कारमध्ये आहे. ट्रंकमध्ये, स्पेअर टायरच्या खाली."

"विकायची होती?"

"विकायची?" ती ओरडली तशी शेजारच्या टेबलावरची नर्स वळली. शीलाने आवाज खाली आणला. "मला ती फक्त हवी होती. बाबा म्हणाले, शिवांगीकडे राहू दे, ती वाचते. मी म्हटलं, मला कधी शिकवलंत वाचायला? ते उठले, बोलायला गेले आणि पडले."

"किती वाजता?"

शीलाने मेलचा कागद बोटाने दूर सरकवला.

"किती वाजता, शीला?"

"दोन. अडीच असेल. मला वाटलं, शिवांगी चारला येते. मी गोधडी घातली. आय वॉज सो स्केअर्ड. लोक म्हणाले असते मी ढकललं. मी वही घेतली आणि इथल्याच प्लाझाच्या पार्किंगमध्ये बसून राहिले, फोनची वाट बघत. चार वाजले, पाच वाजले. फोन येईचना."

चार तास. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आणलं असतं तर बराच फरक पडला असता. मंदाकिनीबाईंना त्या बाईचा इतका संताप आला की समोरचा पेला उचलून भिरकावावा. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "आणि त्या पोरीला पुढे केलंस?"

"देवदत्त बोलला ना! मी नुसतं... मला वाटलं, बाबांनी माझं नाव सांगितलं. आम्हा दोघांतच ते कळणार. लहानपणी मी काही मागितलं की ते मला अखसा म्हणायचे. आली बघा अखसा गाढवावरून. दबीर म्हणजे मी. शीलाने नेली, असं ते लिहून देत होते, आंटी, आणि नशीब की कुणाला कळलं नाही."

मंदाकिनीबाईंनी एकतिसावं पान काढलं. शीलाला वाचता येणार नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं, सावकाश, शेवटपर्यंत. बापानें तीस वरचे झरे दिले आणि खालचे झरेही दिले.

"तुला गोष्टीतली मागणारी मुलगी तेवढी आठवली," त्या म्हणाल्या. "बापाने काय केलं ते विसरलीस. देवदत्त काहीही विचारत असू दे, अष्टमकर तुझ्याकडे बघत होते. तू मागितलंस आणि त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते त्यांनी लिहिलं. दिलं म्हणाले. वही घे म्हणाले."

शीलाने ते ऐकलं, आणि मग ती जी रडायला लागली ते बघवेना. मंदाकिनीबाईंनी बघितलंही नाही. त्यांनी घड्याळ बघितलं.

"दहा वाजता ऑफिसर येईल. वही सापडली एवढंच सांगून सुटशील असं समजू नकोस. कुणी नेली, कधी नेली, का लपवली, सगळं सांगायचं. मी शेजारी बसणार आहे."

शीलाने सांगितलं. चार तासांचंही सांगितलं. ऑफिसरने सगळं लिहून घेतलं, शिवांगीवरची तक्रार तिथेच निकालात काढली आणि शीलाला पुन्हा यायला सांगितलं. बुधवारी पहाटे अष्टमकर गेले.

७

मंडळाच्या ग्रुपवर देवदत्तने टाकलं: गैरसमज दूर झाला आहे, सर्वांनी कृपया विषय वाढवू नये. खाली बावन्न जणांनी हात जोडले. शिवांगीचं नाव एकानेही घेतलं नाही. दुकानाच्या मॅनेजरने तिची जागा भरून टाकली होती.

पंधरा दिवसांनी मंदाकिनीबाई बेसमेंटच्या दाराशी गेल्या. हातात वही होती. शीलाने स्वतः आणून दिली होती. म्हणाली होती, मी ठेवू शकत नाही, तिला द्या. आत दोन बॅगा भरून तयार. शिवांगीची एक मैत्रीण दूर पश्चिमेला, रेजिना शहरात होती, उरलेलं सेमिस्टर ऑनलाइन करून तिकडेच जायचं ठरलं होतं.

"पीआरचं काम अडणार नाही आता. मी चौकशी केली," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"हो काकू. थँक्यू. तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं."

"ही घे. आजोबांना आवडलं असतं. तुझ्याइतकी ती वाचणारं दुसरं कोण आहे?"

शिवांगीने वही हातात घेतली, उघडली, दोन ओळी ओठांतल्या ओठांत वाचल्या आणि मिटून परत दिली.

"नको काकू."

"अगं, का पण?"

"एक विचारू?" तिचा आवाज अगदी साधा होता. "देवदत्तदादा मला ओळखत नाहीत. शीलाताईंना स्वतःला वाचवायचं होतं. पण तो शब्द तुम्ही वाचलात, शीलाताईंनीच सांगितलं मला. तीन महिने रोज तुमच्याकडे चहाला येत होते मी. तुम्ही त्या वेळी एवढं तरी का नाही म्हणालात, की थांबा, शिवांगी असं करणार नाही?"

मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं. फाटक्या, वाळवी लागलेल्या, पाण्याने भिजलेल्या हजारो कागदांतलं अक्षर त्यांना लागलं होतं. रोज चहाला येणारी पोरगी तेवढी लागली नव्हती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

"हो," शिवांगी म्हणाली. बाहेर टॅक्सी आली होती. तिने वाकून नमस्कार केला, बॅगा उचलल्या आणि निघाली. मंदाकिनीबाई वही हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि टॅक्सी वळेपर्यंत तिने एकदाही मागे बघितलं नाही.